तळ्यातील अदृश्य कामगार
(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने जीवाणूंवर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. वार्षिकांकासाठी कविता किंवा प्रवासवर्णन दिले असते तर कोणी कारण विचारले नसते. परंतु गेले वर्षभर माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही, आणि त्याला कारणही तसेच घडले. ते कारण आधी सांगते, म्हणजे पुढची रसायनशास्त्राची चार वाक्ये वाचक सहन करतील, अशी आशा आहे.

पैठण तालुक्यातील आमच्या गावी आमचे एक शेततळे आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तेव्हापासून मराठवाड्यात ठिकठिकाणी अशी तळी दिसू लागली. आमचे मात्र गेल्या वर्षीच पूर्ण झाले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि चारी बाजूंना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. विहिरीचे पाणी सोडून ते निम्मे भरले, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस या माशांची पाच हजार बोटुकली सोडली. दररोज सकाळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मिळून दहा किलो खाद्य पाण्यात पडू लागले. भरपूर खातील तर लवकर वाढतील, असा साधा हिशेब होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढू लागले. पाणी बिघडले असावे म्हणून वडिलांनी चुन्याची एक गोणी भिजवून तळ्यात ओतली. दुपारी तीनच्या सुमारास मासे वेडेवाकडे फिरू लागले आणि संध्याकाळपर्यंत सगळे तळे पांढऱ्या पोटांनी भरून गेले.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग लावायलाही कोणाचे मन होईना. आणि तिसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य फिरू लागले, “तात्यानंच रातच्याला औषध टाकलं असंल.” तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. बांधावरून आमचा आणि त्यांचा जुना वाद. पुरावा कोणाकडेच नव्हता. पण भाऊबंदकीत पुराव्याची गरज लागते कुठे? दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. तात्यांची धाकटी मुलगी माझ्याच एस. टी. ने शहरात शिकायला येते. ती माझ्यापासून चार बाके दूर बसू लागली.

महाविद्यालयात आल्यावर मी ही हकीकत आमच्या भूगोलाच्या सरांना सांगितली. त्यांनी मला आपल्या ओळखीच्या, प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांकडे पाठविले. त्यांनी सहानुभूतीचे शब्द फारसे काढले नाहीत. तीनच प्रश्न विचारले: “तळे किती जुने? खाद्य किती घालत होता? मासे पहाटे मेले की दुपारनंतर?” माझी उत्तरे ऐकून त्यांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून दिले आणि ‘नत्राचे चक्र’ हे प्रकरण वाचून ये, असे सांगितले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचे आणि नंतरच्या वर्षभराच्या खटपटीचे फळ आहे.

नत्राची गोष्ट

आपण श्वासावाटे जी हवा घेतो, तिच्यात सुमारे ७८ टक्के नत्रवायू म्हणजे नायट्रोजन असतो. प्राणवायू अवघा २१ टक्के. तरी या नत्राचा आपल्या शरीराला थेट काही उपयोग होत नाही. जसा आत घेतो तसा बाहेर सोडतो. याचे कारण असे की नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात, आणि ती मिठी सोडविणे वनस्पतींना व प्राण्यांना जमत नाही. विजेचा कडकडाट होतो तेव्हा ती काही प्रमाणात सुटते. खत कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता देऊन ती सोडवितात. आणि काही जीवाणू मात्र कसलाही गाजावाजा न करता ती सोडवितात. तूर, मूग, हरभरा यांची मुळे उपटून पाहिली तर त्यांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतला नत्र पिकाला घालतात. कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. त्यामागे या गाठी आहेत, एवढेच पुस्तकाने नवीन सांगितले.

नत्र इतका महत्त्वाचा का? तर प्रथिने त्याच्यावाचून बनत नाहीत. प्रथिनाच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र असतो. आपण डाळ खातो, मासा पेंड खातो. दोघेही प्रथिनेच मिळवितात. शरीराच्या गरजेपुरती प्रथिने वापरली की उरलेल्यांतला नत्र बाहेर टाकावा लागतो. माणूस तो युरियाच्या रूपाने लघवीतून टाकतो. पक्षी आणि साप तो युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग तोच. मासा मात्र फार सोपा मार्ग धरतो. तो थेट अमोनिया तयार करतो आणि बहुतांशी कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. भोवती पाणी अमाप असल्याने त्याला अधिक खटाटोप करण्याची गरज भासत नाही.

नदीत हे निभावते. तळ्यात, आणि त्यातही नव्या तळ्यात, ते कसे निभावणार? ‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण पाण्यात राहून माशाने पाण्याशीच वैर धरले तर काय होते, हे आमच्या तळ्याने दाखविले.

एक छोटा हिशेब

हिशेब मांडल्यावाचून माझ्या वडिलांना पटणार नाही, हे मला माहीत होते. म्हणून मी तो असा मांडला. दररोजचे खाद्य १० किलो. त्यात पाव हिस्सा प्रथिने धरली तर अडीच किलो. अडीच किलो प्रथिनांत नत्र सुमारे ४०० ग्रॅम. यापैकी फार तर चौथा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. बाकीचा अमोनिया होऊन पाण्यात येतो. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, तिचाही अमोनियाच होतो. म्हणजे रोजचा निदान ३०० ग्रॅम नत्र. वीस दिवसांत ६ किलो. निम्म्या भरलेल्या तळ्यात अदमासे १० लाख लिटर पाणी. तेव्हा दर लिटरमागे ६ मिलिग्रॅम. यातला काही भाग हिरवे शेवाळ खाऊन टाकते हे खरे. म्हणून आपण निम्माच धरू. तरी ३ मिलिग्रॅम उरले.

आता हा अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो. एक रूप सौम्य, त्याला अमोनियम म्हणतात. दुसरे रूप मुक्त अमोनियाचे; ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि माशाच्या मज्जासंस्थेवर आघात करते. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे दाखविणारा आकडा. शुद्ध पाण्याचा सामू ७. पंचवीस-तीस अंश उष्णतेच्या पाण्यात सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया शंभरात एक भागही नसतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच ते सात टक्के होतो. आणि सामू ९ झाला की चाळीस टक्क्यांच्या आसपास पोहोचतो! अमोनिया तेवढाच, पाणी तेच. पण विष कित्येक पटींनी वाढलेले. पुष्कळ जातींच्या माशांना लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी मुक्त अमोनिया घातक ठरतो.

उन्हाच्या दिवशी दुपारी हिरव्या पाण्याचा सामू आपोआप चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. त्या दिवशी उघडीप होती. त्यात आम्ही चुना ओतला. चुना सामू वाढवितो, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही असते.

प्राध्यापकांनी वेळ का विचारली, हे मला आता कळले. पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात ते बहुधा पहाटे, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असते. अमोनियाचा मारा तीव्र होतो तो दुपारी. आणि औषधाचे म्हणाल तर आणखी एक गोष्ट मला आठवली. मासे मेले त्या दिवशी पाण्यात बुडी मारणारे काळे भुंगे आणि चतुराची पिल्ले तळ्यात जिवंत होती. माझ्या धाकट्या भावाने ती बाटलीत धरून ठेवली होती. शेतात मारतो ते औषध किड्यांसाठीच बनविलेले असते. ते तळ्यात पडले असते तर आधी किडे मेले असते. त्या दिवसाचे पाणी कोणी तपासून ठेवले नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. परंतु सारी लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवितात. विष तात्यांनी टाकले नव्हते. ते आम्हीच रोज सकाळी दहा किलोप्रमाणे टाकत होतो, आणि शेवटी त्याला चुन्याची धार लावली.

वीस दिवसांचा जुना प्रयोग

मग प्रश्न असा पडतो की गावातल्या जुन्या तळ्यात मासे पिढ्यान् पिढ्या कसे जगतात? पाणचक्कीच्या हौदावर फिरायला गेलेल्या प्रत्येकाने त्यातले मासे पाहिलेले असतील. लोक त्यांना फुटाणे टाकतात, तरी ते हौद भरून मरत नाहीत. तेथे असे काय असते, जे आमच्या नव्या तळ्यात नव्हते?

याचे उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये सापडले. श्लोएसिंग आणि म्यूंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि खडू भरून तीतून गटाराचे पाणी सावकाश झिरपू दिले. पहिले काही दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली आला. सुमारे वीस दिवसांनंतर मात्र खाली नायट्रेट येऊ लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. हे जर केवळ रासायनिक काम असते तर पहिल्याच दिवशी झाले असते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबले. क्लोरोफॉर्मने वाळू किंवा खडू बेशुद्ध होत नाही. तेव्हा वाळूत काहीतरी जिवंत होते हे सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने झ्युरिक येथे हे जीवाणू वेगळे करून दाखविले.

या कामात दोन टोळ्या असतात. पहिली टोळी, जिच्यात नायट्रोसोमोनास हा प्रसिद्ध जीवाणू आहे, अमोनियाचे नायट्राइट करते. दुसरी टोळी, म्हणजे नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा, नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट माशाला पुष्कळ सहन होते आणि वनस्पतींचे तर ते खाद्यच आहे. नवल असे की हे जीवाणू साखर किंवा पेंड यांवर जगत नाहीत. अमोनियाला प्राणवायूशी जोडताना जी ऊर्जा सुटते तिच्यावरच त्यांचा संसार चालतो. कमाई तुटपुंजी, म्हणून वाढही मंद. आपल्या आतड्यांतला सामान्य जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो; यांना दुप्पट व्हायला बरेच तास, कधी दिवसाहूनही अधिक लागतो. शिवाय त्यांना मोकळ्या पाण्यात तरंगत राहणे मानवत नाही. दगड, वाळू, चिखल, पाणवनस्पतींची देठे यांना चिकटून बुळबुळीत थरात ते वस्ती करतात. दगडावरून पाय घसरतो म्हणून आपण ज्या थराला शिव्या देतो, तोच तळ्याचे मूत्रपिंड असतो.

जुन्या तळ्याच्या गाळात आणि हौदाच्या दगडी भिंतींवर ही वस्ती वर्षानुवर्षांची असते. आमच्या तळ्याचा कागद कोरा होता. वीस दिवसांत वस्ती बसायला नुकती सुरुवात झाली असेल, तोवर आम्ही पाच हजार पाहुणे जेवायला बसवून टाकले.

अमोनिया संपला म्हणजे संकट संपले, असेही नाही. पहिली टोळी कामाला लागली आणि दुसरी अजून पोहोचली नाही, तर मधले नायट्राइट साचते. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी जाणकार मत्स्यशेतकरी पाण्यात थोडे मीठ घालतात. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो. माणसाच्या तान्ह्या बाळाचेही असेच होऊ शकते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट फार असेल तर बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि अंग निळे पडते. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. खताची पोती रिकामी करताना आणि गोठ्याजवळ आड खणताना हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

चक्र पुरे होते ते चिखलात

नायट्रेट झाले तरी ते पाण्यातच राहते. चक्र पुरे करण्याचे काम तिसऱ्या टोळीचे. तळाच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट ‘श्वसतात’ आणि शेवटी नत्रवायू मोकळा करतात. तो बुडबुड्याने वर येऊन पुन्हा हवेत मिसळतो. तुरीच्या मुळाने हवेतून घेतलेला नत्र दाण्यात, दाण्यातून माणसात, तेथून गटारात, नदीत आणि चिखलातून पुन्हा हवेत, असा हा प्रवास आहे.

आपल्या शहरातले सांडपाणी खाम नदीत उतरते आणि खाम गोदावरीला मिळते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत मोठमोठ्या टाक्यांत हवा सोडलेली दिसते, ती मुख्यतः जीवाणूंसाठी. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. जे पाणी शुद्ध न होता नदीत जाते, त्यासाठी हा प्राणवायू नदीला स्वतःच्या पदरचा द्यावा लागतो, आणि त्याची किंमत मासे मोजतात. १९७६ साली पूर्ण झालेला आपला नाथसागर उथळ आणि पसरट आहे. शहराला पिण्याचे पाणी तेथूनच येते. त्याच्या काठचा चिखल पाहून नाक मुरडण्याआधी त्यात कोण राबत आहे, याचा विचार व्हावा.

माशाच्या अंगातले भाडेकरू

इथवर आपण माशाच्या बाहेरच्या जीवाणूंविषयी बोललो. परंतु मला सर्वांत नवल वाटले ते माशाच्या अंगातल्या जीवाणूंचे.

शंभर-सव्वाशे वर्षे सर्वांची समजूत अशी होती की अमोनियाचे नायट्रेट करायला दोन वेगळ्या टोळ्या लागतातच. या समजुतीला अलीकडे धक्के बसले, आणि त्यांतले दोन तर माशांच्या टाक्यांतूनच आले. २००५ साली अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतल्या खड्यांमधून एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो बॅक्टेरिया नव्हताच. आर्किया नावाच्या वेगळ्याच घराण्यातला होता, आणि तरी अमोनियावर जगत होता. २०१५ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना मासे पाळण्याच्या यंत्रणेतील गाळणीत असा नायट्रोस्पायरा सापडला, जो दोन्ही टोळ्यांचे काम एकटाच करतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही तसाच जीवाणू मिळाला. सव्वाशे वर्षांची समजूत एका गाळणीतल्या चिकट थराने खोटी पाडली!

त्यानंतर २०१६ साली नेदरलँड्समधीलच नायमेगन येथील विद्यापीठातून आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. कार्प आणि झेब्रा मासा यांच्या कल्ल्यांतच नायट्रोसोमोनासच्या जातीचे जीवाणू वस्ती करून असल्याचे तेथे दिसून आले. मासा अमोनिया बाहेर टाकतो तो कल्ल्यातून, आणि दारातच बसलेले हे भाडेकरू त्यातला काही भाग पाण्यात जाण्यापूर्वीच उचलतात. त्यांच्या जोडीला नायट्राइटचा नत्रवायू करणारे जीवाणूही असतात. म्हणजे जे चक्र सबंध तळ्यात चालते, त्याची छोटी आवृत्ती माशाच्या कल्ल्यात चालते. यातला कार्प म्हणजे दुसरा कोणी नसून आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तोच मासा, आणि झेब्रा मासा तर भारतीय उपखंडातल्या ओढ्यांचाच रहिवासी. अर्थात हे भाडेकरू थोडे असतात. दहा किलो पेंडीचा भार ते उचलू शकणार नाहीत.

इतर जलचरांकडेही असे भाडेकरू आहेत. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. तो दिसतो अळीसारखा, पण कुळाने शिंपला आहे. लाकडी नावा पोकळ करून टाकणारा म्हणून दर्यावर्दी लोकांनी त्याचा फार धसका घेतला होता. लाकडात नत्र जवळजवळ नसतोच. मग हा नुसत्या लाकडावर जगतो कसा? १९८३ साली याच्या कल्ल्याशी निगडित असा एक जीवाणू मिळाला, जो लाकडाचे तंतूही फोडतो आणि नत्रही स्थिर करतो. तुरीच्या मुळावरची गाठ समुद्रातल्या शिंपल्याने कल्ल्यात बाळगावी, असाच हा प्रकार.

भाडेकरू नेहमी उपकारकच असतात, असे मात्र नाही. तळाच्या गाळात राहणाऱ्या डासासारख्या माश्यांच्या तांबड्या अळ्या आणि काही शिंपले चिखलाबरोबर जीवाणूही गिळतात. त्यांच्या आतड्यात प्राणवायू नसल्याने हे जीवाणू नायट्रेट श्वसू लागतात. पण काम अर्धवट सोडतात आणि नत्रवायूऐवजी नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. दातांच्या दवाखान्यात ज्याला ‘हसवणारा वायू’ म्हणतात तोच हा. पृथ्वी तापविण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे, तेव्हा हसण्यासारखे काही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जलचरांच्या आतड्यांतून हा वायू निघतो, असे दाखविण्यात आले. पाण्यात नायट्रेट जितके अधिक, तितका हा वायू अधिक. शेतातले जास्तीचे खत ओढ्यात गेले की त्याचा हिशेब आभाळात लागतो, तो असा.

पुन्हा आमच्या तळ्याकडे

हा सगळा हिशेब मी वहीत उतरवून दिवाळीच्या सुटीत घरी नेला. वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी पेंडीचा आणि पाण्याचा गुणाकार दोनदा स्वतः करून पाहिला. चुन्याच्या ओळीवर मात्र ते बराच वेळ थांबले. “म्हंजी आपणच?” एवढेच ते म्हणाले. मी काही बोलले नाही.

या वर्षी आम्ही तळे वेगळ्या रीतीने सुरू केले. पाणी भरल्यावर एका जुन्या, मासे धडधाकट असलेल्या तळ्यातील दगडगोटे पाण्यातच बुडवून आणले आणि आमच्या तळ्यात ठेवले. वस्तीला बियाणे लागते, तसे ते होते. सुरुवातीला थोडीच बोटुकली सोडली आणि दीड महिन्याने बाकीची. खाद्य माशांच्या वजनाच्या हिशेबाने, आणि अर्ध्या तासात संपेल एवढेच. ढगाळ दिवशी खाद्य बंद. शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया तपासण्याची छोटी बाटली मिळते. ती आणून दर रविवारी मी पाणी पाहत होते. पहिल्या महिन्यात रंग गडद हिरवा होई, तेव्हा आम्ही विहिरीचे ताजे पाणी सोडत होतो. सहाव्या आठवड्यात रंग पिवळा राहिला, म्हणजे अमोनिया जवळजवळ नाही. कागदावर हात फिरवला तर बुळबुळीत लागला. कामगार हजर झाले होते.

पुष्कळदा कला शाखेचे विद्यार्थी म्हणतात की विज्ञानाचा आपल्या जीवनाशी काय संबंध? मला वाटते, न दिसणाऱ्या कारणाच्या जागी दिसणारा माणूस उभा करण्याची आपल्याला सवय आहे. जनावर दगावले तर करणी, पीक गेले तर नजर, मासे मेले तर भाऊबंद. जीवाणू दिसत नाहीत, तात्या दिसतात. ते कारण शोधण्याची रीत आपल्याला शिकता आली, तर विज्ञान शाखेची पदवी नसली तरी चालेल.

मार्गशीर्षात पहिले जाळे टाकले. मासे पाव-पाव किलोचे झाले होते. वडिलांनी त्यांतले चार चांगले रोहू निवडून पिशवीत भरले, पिशवी माझ्या हाती दिली आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, “तात्याच्या घरी दिऊन ये. अन् त्यांना ती वही बी दाव.” मी दोन्ही घेऊन गेले. तात्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, आणि त्यांची मुलगी ती मोठ्याने वाचून दाखवू लागली.